बोरकर काकांचे शंभर टक्के

"ती बोलत नाही, हाच तर तिचा पॉइंट आहे," बोरकर काका म्हणाले.

मी तळघराच्या जिन्यावर होते. हातात धुतलेल्या कपड्यांची टोपली होती. वरच्या शेवटच्या पायरीवर थांबले, कारण विषय माझा होता, आणि विषय आपला असताना आत शिरणं मला कधीच जमलेलं नाही.

"अहो, पण चोवीस वर्षांची पोरगी ती," काकू म्हणाल्या. "तिला डोंगरात नेऊन करणार काय तुम्ही?"

"बसवणार. डेनिस आला असता तर दिवसभर बोलला असता. बायकोबद्दल, गुडघ्याबद्दल. मेंढा एक मैलावरून निघून गेला असता."

"मेंढ्याला काय डेनिसच्या बायकोचं पडलंय?"

मग भांड्यांचा आवाज झाला. मी टोपली घेऊन खाली परत गेले. चार दिवसांनी काकांनी मला रीतसर विचारलं, सप्टेंबरात त्यांच्याबरोबर मोंटानाला शिकारीला येशील का म्हणून. मी हो म्हणाले. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागतं, आणि कारण द्यायचं तर बोलावं लागतं.

हे २००५ सालचं, मिशिगनमधल्या नोव्हायचं. बोरकरांच्या तळघरातल्या खोलीत मी भाड्याने राहत होते. पुण्यातली इंग्रजी शाळा, तिथलंच इंजिनीअरिंग कॉलेज, आणि मग गाड्यांचे बंपर बनवणारी इथली एक कंपनी, असा माझा प्रवास होता. ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझं मत विचारलं की मी 'आय ॲग्री' म्हणायचे. घरी काकूंनी भाजी कशी झालीय विचारलं की 'छान' म्हणायचे. या दोन वाक्यांवर माझं दोन वर्षं बरं चाललं होतं.

काका मूळचे नागपूरचे. तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते, आणि गिअरचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागाचे प्रमुख. बुटके, पोट सुटलेलं, आणि शर्टाच्या खिशात रविवारीसुद्धा सहा इंची स्टीलची पट्टी. त्यांच्या कामात एक साधं माप असतं. लोखंडाचा लहानसा दांडा, त्याला दोन टोकं. एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. पहिल्याला गो म्हणतात, दुसऱ्याला नो-गो. काकांनी ते माप तीस वर्षं गिअरला लावलं आणि मग बाकीच्या जगालाही लावायला सुरुवात केली. इंडियन स्टोअरमधली भेंडी नो-गो. मंडळाचं गणपतीतलं नाटक नो-गो. जावई गो, "पण टॉलरन्सच्या अगदी काठावर." आणि जिथे खात्री नसेल तिथे त्यांचं वाक्य ठरलेलं होतं. "डाउट आहे ना? मग रिजेक्ट. डाउट हाच डिफेक्ट."

नागपुरात असेपर्यंत त्यांनी झुरळाखेरीज काही मारलं नव्हतं. पण मिशिगनमध्ये पंधरा नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो आणि त्या दिवशी कारखाने ओस पडतात. पहिली तीन वर्षं काका त्या दिवशी एकटेच कामावर गेले. "मशीन बंद, माणूस एक नाही, मी काय स्वतःलाच इन्स्पेक्ट करून राहू?" चौथ्या वर्षी ते डेनिसबरोबर गेले. डेनिस त्यांच्याच विभागात होता. काकू शाकाहारी. त्यांनी गॅरेजमध्ये एक वेगळी शेगडी, दोन पातेली आणि एक मसाल्याचा डबा ठेवून दिला आणि स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये उघडणारं दार ही सीमा ठरवली. दर डिसेंबरात त्या सीमेपलीकडे हरणाचा सावजी रस्सा शिजायचा. मीही खाल्ला. छान, म्हणाले.

काकांच्या मनात मात्र होता बिगहॉर्न. रॉकी पर्वतातला डोंगरी मेंढा, ज्याची शिंगं कानामागून वळसा घेऊन परत डोळ्यापाशी येतात. बहुतेक ठिकाणी त्याचा परवाना लॉटरीत लागावा लागतो, आणि काकांना तो पंधरा वर्षांत लागला नव्हता. मोंटानाच्या काही भागांत मात्र मागेल त्याला परवाना आहे. "परवाना सगळ्यांना मिळते," काका म्हणायचे. "मेंढा कोणालाच मिळत नाही." डोंगरच तसे आहेत. शिवाय ठरलेले मोजके मेंढे पडले की हंगाम बंद होतो, मग तुम्ही कुठल्याही कड्यावर लटकलेले असा.

काकूंनी एकदाच जायची परवानगी दिली होती. पुढच्या वसंतात काका निवृत्त होणार होते आणि दोघं पार्सिपनीला मुलीकडे राहायला जाणार होते. "एकदा जाऊन या आणि मग ती बंदूक विका," काकू म्हणाल्या. "मुलीच्या घरात मला ती नको." डेनिस सोबत जाणार होता, पण मार्चमध्ये त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. त्यामुळे मी. माझा व्हिसा बंपरसाठी होता. मेंढ्यांबद्दल त्यात काही लिहिलेलं नव्हतं. पुण्याला आईला मी ट्रेकिंग सांगितलं. ते खोटं नव्हतं.

कुठलाही मेंढा मारून चालत नाही, हे मला पहिल्याच दिवशी समजावण्यात आलं. काकांनी काकूंची चकली घेतली, अर्धी मोडली आणि पेन्सिलीने ताटलीवर डोळा काढला. शिंगाच्या पुढच्या मुळापासून डोळ्यातून एक सरळ रेघ मनात ओढायची. शिंगाचं टोक वळसा घेऊन त्या रेघेच्या पुढे गेलं असेल तर मेंढा गो. अलीकडेच थांबलं असेल तर नो-गो. कोवळा आहे, सोडायचा. चुकीचा मेंढा पडला तर दंड होतो, परवाना जातो. काकांना त्याचं विशेष काही नव्हतं.

"तीस वर्षांत माझ्या सहीने एक खराब पार्ट बाहेर नाही गेला," ते म्हणाले. "आता हा शेवटचा पार्ट. हाच खराब गेला तर लोकं हाच लक्षात ठेवतील. लोकांचं जाऊ दे, मी ठेवीन."

मग त्यांनी चकली खाल्ली.

एप्रिलपासून तयारी सुरू झाली. आमच्या भागात डोंगर नाही. एक टेकडी आहे, जुन्या कचऱ्यावर माती टाकून केलेली. हिवाळ्यात मुलं तिच्यावरून घसरतात. तिच्यावर आम्ही रोज सकाळी सहा वाजता चढायचो आणि उतरायचो, आधी पाच वेळा, मग वीस वेळा. काकांच्या पाठीवर सोना मसुरी तांदळाच्या दोन थैल्या, माझ्या पाठीवर एक. चढताना काका बोलायचे नाहीत. माझी अडचण नव्हती. जूनमध्ये त्यांची एक थैली फाटली आणि अर्ध्या उतारावर तांदूळ सांडले. काकांनी वळून पाहिलं. "पाखरं खातील. चल." त्या दिवशी काकूंनी तांदळाचा विषय काढला नाही. आठवडाभर फक्त पोळ्या वाढल्या.

स्वयंपाकघरातला वजनकाटा काकांनी ताब्यात घेतला. जे जे पाठीवर जाणार होतं त्या सगळ्याचं वजन ग्रॅममध्ये. दात घासायच्या ब्रशची दांडी त्यांनी करवतीने अर्धी कापली.

"ब्रश कापण्यापेक्षा पोट कापा," काकू म्हणाल्या.

"पोट परत वाढते. ब्रश पुढच्या वेळी पण कापलेलाच राहील."

"पुढची वेळ नाहीये."

काका ब्रशचं वजन परत करून पाहू लागले. खाण्याचं काम काकूंचं होतं. भाजलेल्या रव्याचा उपमा, मेतकूट, पातळ पोह्यांचा चिवडा, सगळं लहान पुड्यांमध्ये, वर दिवसाचं नाव. तिथे अस्वलं असतात म्हणून मिरचीच्या फवाऱ्याचे दोन डबे घेतले. "नागपूरचा माणूस अस्वलाला तिखट घालणार," काकू मला म्हणाल्या. "यांना त्यात काय शिकायचंय." आणि तंबू दोन न्यायचे, हे त्यांनी जेवताना दोन वेळा सांगितलं, दोन्ही वेळा काकांकडे न बघता.

खरी परीक्षा रविवारी असायची. काकांनी मासिकांतून आणि इंटरनेटवरून मेंढ्यांचे चौऱ्याऐंशी फोटो जमवून त्यांची कार्डं केली होती. मागे नंबर आणि बरोबर उत्तर. शाळेच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये एका टोकाला मी कार्ड छातीशी धरून उभी. शंभर पावलांवर काका स्टुलावर, डोळ्याला तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण. हात वर म्हणजे गो, तळवा आडवा म्हणजे नो-गो. शिकारीत बोलायचं नाही, म्हणून इथेही नाही. मी रजिस्टरमध्ये बरोबर किंवा चूक लिहायची आणि पुढचं कार्ड धरायची. एकदा मंडळाचे सेक्रेटरी कुत्रा फिरवत तिथून चालले होते.

"बोरकर, काय चाललंय?"

"व्हिजन टेस्ट."

"कोणाची?"

"मेंढ्यांची."

सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या छातीशी मेंढा होता. ते पुढे गेले.

त्याच उन्हाळ्यात काकूही मला फोटो दाखवत होत्या, लग्नाच्या मुलांचे. "फोटोवरून काय कळतं म्हणा," असं त्या स्वतःच म्हणायच्या आणि पुढचा फोटो काढायच्या. ते वाक्य मला नंतर आठवलं.

काका मे महिन्यात अठ्ठावन्न टक्क्यांवर होते. जूनमध्ये एक्क्याऐंशी. जुलैच्या पहिल्या रविवारी शंभर टक्के झाले आणि मग शंभरच राहिले. त्यांनी घरी जाताना सगळ्यांना डोनट घेतले. मी खूश होते, असं मला वाटत होतं.

दुसऱ्या रविवारी माझ्याकडून एक कार्ड उलटं धरलं गेलं. मेंढ्याचे पाय आभाळाकडे. मला ते दिसायच्या आत काकांनी हात वर केला. गो. उत्तर बरोबर होतं. उलट्या मेंढ्याबद्दल मात्र त्यांनी काहीच खूण केली नाही.

मला ते लगेच कळलं, कारण मी ते केलेलं होतं. दहावीला मी मराठीचे आठ निबंध पाठ केले होते. विषयाचा पहिला शब्द दिसला की बाकीचं हात लिहायचा. लिहिताना मला मनापासून वाटायचं की मी विचार करते आहे. मार्कही चांगले पडले. काकांनी चौऱ्याऐंशी मेंढे तसेच पाठ केले होते. ते शिंगं बघत नव्हते. मागचं पिवळं झुडूप, बर्फाचा पट्टा, तिरका दगड ओळखत होते. आणि त्यांना ते माहीत नव्हतं.

पुढच्या रविवारी मी सहा नवे फोटो छापून आणले आणि गठ्ठ्यात मिसळले. त्या सहांवर काका थांबले. काच पुसली, मान तिरकी केली, डोळा मिटून परत उघडला. सहांपैकी पाच चुकले. कोवळे मेंढेही त्यांनी गो म्हणून पास केले.

संपल्यावर त्यांनी पलीकडून ओरडून विचारलं, "किती?"

रजिस्टर माझ्या हातात उघडं होतं. आपल्या वडिलांच्या वयाच्या माणसाला 'तुम्हाला नीट दिसत नाहीये' कसं सांगतात, ते मला कुठल्याच भाषेत येत नव्हतं. मी पाच ठिकाणी बरोबरची खूण केली.

"शंभर," मी म्हणाले.

"आज लाइट बरोबर नव्हता," काका जवळ येत म्हणाले. "काही कार्डं तर नवीनच वाटून राहिली होती. तरी शंभर?"

"हो."

त्याच आठवड्यात काकूंनी जेवताना विषय काढला. काका पत्रं डाव्या डोळ्याजवळ धरून वाचतात, समोरून गाडी आली की दिव्यांना शिव्या देतात. "जायच्या आधी डोळे दाखवून घ्या."

काका उठले आणि रजिस्टर घेऊन आले. "हे बघ. शंभर पावलांवरून शंभर टक्के. आणि मी नाही लिहिलं. इंडिपेंडंट इन्स्पेक्टर आहे."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी ताटातल्या कोशिंबिरीकडे पाहत होते.

"बरं," काकू म्हणाल्या.

कार्डं त्यानंतर डब्यात गेली. ऑगस्टच्या शेवटी आम्ही तांदळाऐवजी खऱ्या सामानाच्या पिशव्या गाडीत टाकल्या. काकूंनी दोघांच्या हातावर दही ठेवलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "लक्ष ठेव गं त्यांच्यावर." मी मान हलवली.

आम्ही मेंढा आणला नाही, हे आता सांगून टाकते. ऑक्टोबरात काकांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, वसंतात बंदूक डेनिसने घेतली आणि ते दोघं पार्सिपनीला गेले. मी त्यांना निरोप दिला तेव्हा काकांनी मला कार्डांचा डबा आणि रजिस्टर दिलं. "रेकॉर्ड इन्स्पेक्टरकडे राहते," म्हणाले. तिकडच्या मंडळात ते ही शिकारीची गोष्ट अजून सांगतात असं कानावर येतं. त्या गोष्टीत ते मेंढ्यापर्यंत पोचतात, नेम धरतात, आणि तेवढ्यात वारा फिरतो. मेंढ्याला वास लागतो. "वाऱ्यापुढे कोणाचं चालते," असा शेवट. ऐकणारे हळहळतात. त्या गोष्टीत मी चहा करते.

रजिस्टर माझ्या टेबलाच्या खणात आहे. जुलैच्या त्या पानावर बरोबरच्या पाच खुणांवर एकेक सरळ रेघ आहे, शेजारी चूक, काकांची सही आणि आम्ही परत आलो त्या दिवसाची तारीख. तपासणीच्या कागदावर खाडाखोड अशीच करतात. खोडरबर चालत नाही, कारण आधी काय लिहिलं होतं तेही वाचता आलं पाहिजे. पानाच्या तळाशी 'इन्स्पेक्टर' या शब्दापुढे माझं नाव आहे. त्याच्यावर त्यांनी रेघ ओढली नाही.

वारा त्या सकाळी नव्हता. सहावा दिवस होता. आम्ही झाडं जिथे संपतात त्याच्याही खूप वर, एका कड्याच्या धारेवर पालथे पडलो होतो. खाली दगडांची मोठी परात, आणि तिच्या पलीकडच्या उतारावर चार मेंढे. पाच दिवस आम्हाला दगड सोडून काही दिसलं नव्हतं. काकांनी दुर्बिणीतून पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग त्यांचा चेहरा सैल झाला. पार्किंग लॉटमध्ये व्हायचा तसा.

"डावीकडून दुसरा," ते कुजबुजले. "गो. मागचा तिरका दगड बघ. हुबेहूब सदतीस नंबर."

दुर्बीण माझ्याकडे सरकवून ते बंदूक घेऊन माझ्या खालच्या टप्प्यावर उतरले, पंधरा फुटांवर. पिशवीवर बंदूक टेकवली. कानात बोळे घातले.

मी दुर्बिणीला डोळा लावला. दगड तिरका होता, हे खरं. सदतीस नंबरसारखाच होता. त्याच्यापुढे उभ्या असलेल्या मेंढ्याच्या शिंगाच्या मुळापासून डोळ्यातून मी रेघ ओढली. टोक रेघेच्या अलीकडे थांबलं होतं. मी दुसऱ्यांदा रेघ ओढली. मेंढ्याने मान वळवून दुसरं शिंगही दाखवलं. तेही थांबलं होतं.

मी तळवा आडवा धरला. काका माझ्याकडे बघत नव्हते. मी "काका" म्हणाले, नेहमीच्या आवाजात, म्हणजे कोणाला ऐकू न येणाऱ्या. त्यांनी अंगठ्याने बंदुकीचा सेफ्टीचा खटका सरकवला. तो बारीक आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

मग मी ओरडले. काय ओरडले ते मलाही कळलं नाही. समोरच्या कड्यावरून माझा आवाज परत आला आणि तो मी ओळखला नाही. चारही मेंढे एकदम वळले आणि दगडांवरून वर चढत धारेपलीकडे गेले. पंधरा वर्षांची लॉटरी, कचऱ्याची टेकडी, अर्धा ब्रश, सगळं त्यांच्याबरोबर पलीकडे गेलं.

काकांनी आधी खटका मागे घेतला. मग एका कानातला बोळा काढला आणि वर माझ्याकडे पाहिलं. ते चिडले नव्हते. त्यांना खरंच ऐकू आलं नव्हतं.

"काय म्हणालीस?"

'काही नाही' हे उत्तर माझ्याकडे तयार होतं. ते मी आयुष्यभर वापरलं होतं.

"नो-गो म्हणाले," मी म्हणाले. "तो सदतीस नंबर नव्हता, काका. तुम्ही कार्डं पाठ केली होती. जुलैत मी सहा नवी घातली, त्यातली पाच चुकली, आणि मी बरोबर लिहिलं. तुम्हाला दिसत नाहीये. मला तेव्हाच माहीत होतं."